पावतीपुस्तक देण्याआधी : विहारासाठी निधी उभारणारे कार्यकर्ते कसे घडवावेत?

आपल्या चळवळीत शिबिरांची उणीव नाही. भारतीय बौद्ध महासभेची श्रामणेर शिबिरे होतात. मंगल परिणय कसा लावावा, पुण्यानुमोदनाचा विधी कसा करावा हे बौद्धाचार्यांना रीतसर शिकवले जाते. समता सैनिक दलाची मुले कवायत शिकतात, महिला मंडळांत वंदना आणि सुत्तपठणाचा सराव होतो. पण जयंती तोंडावर आली की ज्याच्या हातात आपण पावतीपुस्तक देतो त्याला काय शिकवतो? “पन्नास पावत्या आहेत, पंधरा दिवसांत संपव,” एवढेच.

घाटकोपर, मुलुंड, अंधेरी, बोरिवली या पट्ट्यातल्या विहारांच्या कामात आम्ही वावरतो. सगळीकडे साधारण एकच चित्र दिसते. दोन-तीन जुने कार्यकर्ते वर्षानुवर्षे वर्गणी गोळा करतात. कोण किती देतो, कुणाच्या घरी पगार झाल्यावरच जायचे, कुणाला आधी फोन करायचा, हे सगळे त्यांच्या डोक्यात असते. त्यातला एक निवृत्त होऊन गावी गेला किंवा वारला की त्याच्याबरोबर निम्मे देणगीदारही जातात. नवीन मुलगा एकदा फिरतो, चार ठिकाणी टोमणे ऐकतो आणि पुढच्या वर्षी ‘ड्युटी आहे’ म्हणून टाळतो.

त्यात उपनगरांचे रूप बदलले. चाळीत दार उघडे असायचे, आत चहा मिळायचा, पावती तिथेच फाटायची. आता खाली वॉचमन, नोंदवही आणि इंटरकॉम. वरून “आत्ता नको” असे उत्तर आले की कार्यकर्ता गेटवरूनच परत फिरतो. घाटकोपर पूर्वेच्या माता रमाबाई आंबेडकर नगराचा पुनर्विकास सुरू झाल्यापासून कुटुंबे भाड्याच्या घरांत पांगू लागली आहेत. गल्लीनुसार केलेली जुनी यादी अशा वेळी निरुपयोगी होते. म्हणून निधी उभारणाऱ्यांना शिकवण्याचा, आणि त्यांना शिकवणारे पुढारी घडवण्याचा प्रश्न आता लांबणीवर टाकता येणार नाही.

विनयपिटकात हा प्रश्न आधीच आला आहे

महावग्गाच्या चीवरक्खन्धकात एक साधी हकीकत आहे. लोक चीवरे घेऊन विहारात येत. ती स्वीकारायला कुणी नसे, म्हणून परत घेऊन जात. त्यामुळे संघाला चीवरे कमी पडू लागली. तेव्हा भगवंतांनी चीवर स्वीकारणारा भिक्खू, म्हणजे ‘चीवरपटिग्गाहक’, संघाच्या संमतीने नेमण्याची अनुज्ञा दिली. पुढची गंमत अशी, की हे भिक्खू चीवरे स्वीकारून तिथेच ठेवून निघून जात आणि चीवरे नष्ट होत. मग ती नीट ठेवणारा नेमला, मग भांडार ठरवले, भांडाराचा रक्षक नेमला, आणि शेवटी वाटप करणारा वेगळा नेमला. घेणारा, सांभाळणारा आणि वाटणारा अशी वेगवेगळी माणसे! आपल्याकडे तिन्ही कामे एकाच माणसाच्या खिशातून चालतात आणि मग त्याच्यावर संशय घेतला म्हणून तो रागावतो.

स्वीकारणाऱ्याच्या अंगी पाच गुण हवेत असे तिथे सांगितले आहे. तो छंद, दोष, मोह आणि भय या चारांच्या आहारी जाणारा नसावा, आणि काय घेतले व काय घेतले नाही हे त्याला ठाऊक असावे. आजच्या भाषेत ही कार्यकर्त्याच्या निवडीची कसोटीच आहे. आपल्या गटातल्या माणसाकडे वर्गणीचा आग्रह धरायचा नाही, हा छंद. दहा वर्षांपूर्वीच्या भांडणामुळे एखाद्या घराची पायरी चढायची नाही, हा दोष, म्हणजे द्वेष. कशासाठी पैसे मागतोय हे स्वतःलाच नीट माहीत नसणे, हा मोह. आणि एखाद्या स्थानिक पुढाऱ्याने मोठी रक्कम दिली म्हणून त्याचा फलक विहाराच्या दारावर निमूटपणे लावू देणे, हे भय. पाचवा गुण हिशेबाचा. आमच्या मते कार्यकर्ता निवडताना तो ‘बोलका आहे का’ हे आपण पहिल्यांदा बघतो, तिथेच चूक होते. बोलायला शिकवता येते. बाकीचे चार-पाच गुण मात्र आधी पारखावे लागतात.

लेण्यांतला हिशेब

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातली कान्हेरी लेणी आपण सहलीला जाऊन पाहतो. तिथले शिलालेख वाचले तर ते बरेचसे देणगीच्या पावत्यांसारखे आहेत. कल्याण, सोपारा इथल्या व्यापाऱ्यांनी, उपासिकांनी, भिक्खुणींनी दिलेल्या दानाच्या त्या नोंदी आहेत. बांधकामावर देखरेख करणाऱ्या भिक्खूला ‘नवकर्मिक’ म्हणत, तोही उल्लेख तिथे आहे. नवव्या शतकातल्या शिलाहारकालीन लेखांत पूजेसाठी, डागडुजीसाठी, भिक्खूंच्या वस्त्रांसाठी आणि ग्रंथांसाठीही दिलेल्या द्रम्मांची नोंद सापडते. ग्रंथखरेदीची तरतूद हजार-बाराशे वर्षांपूर्वी वेगळी दाखवलेली होती. आपल्या किती विहारांच्या ताळेबंदात ती दिसते?

नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांतला उषवदाताचा लेख तर निधी उभारणाऱ्या प्रत्येकाला दाखवावा असा आहे. नहपानाच्या या जावयाने संघासाठी ३,००० कार्षापणांची अक्षयनीवी, म्हणजे कायम ठेव, गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेण्यांकडे ठेवली. त्यातले २,००० दरमहा शेकडा १ दराने. महिन्याला २०, वर्षाला २४० कार्षापण व्याज झाले. वर्षावासातल्या २० भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी १२, म्हणजे बरोबर २४०. उरलेले १,००० शेकडा पाऊण दराने. मूळ रक्कम परत घ्यायची नाही, फक्त व्याज वापरायचे, असे स्पष्ट लिहिले आहे. आणि हा सगळा व्यवहार नगराच्या सभेत जाहीर करून फलकावर नोंदवला होता. रक्कम, हेतू, कालावधी, साक्षीदार या चार गोष्टी एका लेखात आहेत. कार्यकर्त्याला दारात उभे राहून याच चार गोष्टी सांगता आल्या पाहिजेत.

बाबासाहेबांनी १५ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या भाषणात धम्मकार्यासाठी प्रत्येकाने प्राप्तीचा विसावा भाग द्यावा असे सांगितले. पंचवीस हजार पगार असेल तर विसावा भाग साडेबाराशे होतो. तेवढे किती जण देतील हा भाग वेगळा, पण त्या सांगण्यातला महत्त्वाचा मुद्दा नियमितपणाचा आहे. आपली सगळी वर्गणी १४ एप्रिल, बुद्ध पौर्णिमा, ६ डिसेंबर अशा दिवसांभोवती फिरते. मंडप, ध्वनिक्षेपक, भोजनदान यांसाठी पैसा जमतो आणि त्याच दिवशी संपतो. अभ्यासिकेचे वीजबिल मात्र बाराही महिने येते. शंभर घरांनी महिन्याला शंभर रुपये दिले तर वर्षाला १,२०,००० रुपये होतात. एवढ्यात एका लहान अभ्यासिकेला बराच आधार मिळतो. पण महिन्याची बांधिलकी मागणे हे जयंतीची पावती फाडण्याहून अवघड काम आहे, आणि त्यासाठीच शिक्षण लागते.

कोचिंग म्हणजे क्लास नव्हे

कोचिंग म्हटले की आपल्याला दहावी-बारावीचे क्लास आठवतात. इथे अर्थ वेगळा आहे. समोरच्याला उत्तर सांगण्याऐवजी योग्य प्रश्न विचारून त्याला स्वतःच्या उत्तरापर्यंत नेणे, ही ती पद्धत. जॉन व्हिटमोर यांच्या ‘कोचिंग फॉर परफॉर्मन्स’ या १९९२ च्या पुस्तकामुळे ‘ग्रो’ नावाची चार पायऱ्यांची रीत जगभर गेली : ध्येय काय, आज वस्तुस्थिती काय, पर्याय कोणते, आणि आता नक्की काय करणार. कंपन्यांत यावर महागडी प्रशिक्षणे होतात. आपल्याला त्यासाठी कल्याणमित्र हा शब्द आहे. कल्याणमित्रता म्हणजे अर्धे श्रेष्ठ जीवन, असे आनंद म्हणाले तेव्हा भगवंतांनी त्यांना दुरुस्त केले, ते अर्धे नव्हे तर संपूर्णच आहे.

समजा, पंचविशीतली एक कार्यकर्ती रविवारी दहा घरी गेली आणि दोनच पावत्या फाडून आली. आपल्याकडचा अध्यक्ष काय म्हणतो? “अगं, असं मिळमिळीत बोलून कोण देणार? मी असतो तर आठ आणल्या असत्या.” मुलगी पुढच्या रविवारी येत नाही. आता तोच अध्यक्ष वेगळ्या तऱ्हेने बसला तर बघा.

“आज तू काय ठरवून गेली होतीस?”

“पाच घरं तरी महिन्याची वर्गणी सुरू करतील असं वाटलं होतं, काका.”

“मग काय झालं? कोण काय म्हणालं?”

“तिघांनी दारच उघडलं नाही. दोघांनी दिले. एक जण म्हणाले, आम्ही गावच्या विहाराला देतो. आणि चार घरांत एकच ऐकलं, मागच्या जयंतीचा हिशेब कुठाय?”

“तू काय सांगितलंस?”

“मला माहीतच नव्हतं. गप्प बसले.”

“आता काय करता येईल असं तुला वाटतं?”

“हिशेबाचा कागद हातात असेल तर त्या चार घरी मी पुन्हा जाईन.”

पाच मिनिटांच्या या बोलण्यात दोष मुलीच्या बोलण्यात नसून खजिनदाराच्या कपाटात आहे हे कळले. आता कसोटी अध्यक्षाची आहे. समितीच्या बैठकीत जाऊन हिशेब छापून मागण्याची त्याची तयारी आहे का? निधी उभारणाऱ्यांचे नेतृत्व म्हणतात ते हेच. दारावर जो प्रश्न आला तो वर न्यायचा, आणि त्याचे उत्तर घेऊन कार्यकर्त्याला पुन्हा दारावर पाठवायचे. ज्याला हे जमत नाही त्याने कितीही कोचिंग शिकले तरी ते गोड बोलण्यापुरतेच राहील.

चूक दाखवायची कशी, यासाठी अंगुत्तर निकायात पाच अटी सांगितल्या आहेत : योग्य वेळी बोलावे, खरे असेल तेच बोलावे, मृदू बोलावे, हिताचे बोलावे आणि मैत्रीच्या चित्ताने बोलावे. व्हॉट्सॲप ग्रुपवर रात्री अकरा वाजता “अमुक भागाची वसुली शून्य, लाज वाटली पाहिजे” असे लिहिणारा पदाधिकारी यातल्या बहुतेक अटी एका ओळीत मोडतो. (आणि दानाला ‘वसुली’ म्हणणे आधी बंद करावे.)

सराव कसा घ्यावा

तिघांचा गट करावा. एक मागणारा, एक घरमालक, एक बघणारा. पाच-सात मिनिटांचा प्रसंग उभा करावा आणि मग भूमिका बदलाव्यात. बघणाऱ्याने एक गोष्ट चांगली झाली ती सांगावी आणि एक बदलण्याजोगी, जास्त नाही. घरमालकाने नेहमीची उत्तरे खरीखुरी द्यावीत : “कमिटीत राजकारण आहे”, “आम्ही घरीच वंदना करतो”, “मुलाची फी भरायची आहे”, “तुम्ही फक्त जयंतीला दिसता”. शेवटच्या वाक्याला उत्तर नाही, कारण ते बहुधा खरे असते. तिथे “बरोबर आहे तुमचं” म्हणायला शिकवावे.

सरावात तीन गोष्टी पुन्हा पुन्हा घोटून घ्याव्यात. काम आधी सांगावे, रक्कम नंतर, पण रक्कम स्पष्ट सांगावी. ‘यथाशक्ती’ म्हटले की ऐकणारा गोंधळतो आणि वीस रुपये काढून मोकळा होतो. रक्कम सांगितल्यावर गप्प राहावे. ही शांतता नवख्याला सहन होत नाही, तो लगेच “नाही जमलं तरी चालेल” म्हणून टाकतो. तिसरे, नकार मिळाला तरी आभार मानून विहारातल्या रविवारच्या वंदनेचे निमंत्रण द्यावे. गावच्या विहाराला देणाऱ्याचे तर कौतुकच करावे. त्याने दान देणे सोडलेले नाही.

पहिले चार-पाच रविवार नवीन माणसाला एकटे पाठवू नये. आधी जुन्याने बोलावे, नव्याने ऐकावे. मग नव्याने बोलावे आणि जुन्याने तोंड बंद ठेवावे. हे दुसरे जुन्यांना फार जड जाते. वीस वर्षे मागितलेल्या माणसाला समोरचा चुकतोय हे दिसत असते, आणि तो मध्येच बोलून काम ‘वाचवतो’. पावती फाटते, पण शिकणारा शिकत नाही. एखादी देणगी हातची गेली तरी चालेल एवढा धीर जुन्याने धरायला हवा.

आणि उद्दिष्ट रुपयांत देऊ नये, भेटींत द्यावे. किती दिले जाईल हे देणाऱ्याच्या हातात असते, किती दारे वाजवायची हे आपल्या. गोळा केलेल्या रकमेवर टक्केवारी देण्याची पद्धत काही ठिकाणी शिरते आहे. आम्हाला ती मान्य नाही. पूर्णवेळ कार्यकर्त्याला मानधन जरूर द्यावे, ठरवून आणि उघडपणे द्यावे, पण पावतीतून कापून नव्हे.

दारोदार जाणे हीच साधना

आपल्या समाजाशी थेट संबंध असलेले एक उदाहरण लंडनचे आहे. तिथले करुणा ट्रस्ट १९८० मध्ये ‘एड फॉर इंडिया’ या नावाने सुरू झाले. भारतातल्या, विशेषतः महाराष्ट्रातल्या बौद्ध आणि वंचित वस्त्यांमधल्या कामासाठी निधी उभारणे हा त्याचा हेतू. त्रैलोक्य बौद्ध महासंघ सहायक गण आणि बहुजन हिताय यांच्या वसतिगृहांसारख्या कामांना या मार्गाने मोठे बळ मिळाले. पैसा उभा राहिला तो बऱ्याच अंशी घरोघर जाऊन. स्वयंसेवक काही आठवडे एका घरात एकत्र राहतात, एकत्र ध्यान करतात, बोलण्याचा सराव करतात आणि संध्याकाळी अनोळखी वस्तीत दारे वाजवतात. एकरकमी देणगीपेक्षा बँकेतून नियमित जाणारी रक्कम मागण्यावर त्यांचा भर असतो.

ही पद्धत जशीच्या तशी मुलुंडला उचलता येणार नाही. दहा तास काम आणि तीन तास लोकलमध्ये घालवणारा माणूस सहा आठवडे एकत्र राहायला कुठून येणार? पण नकार पचवणे हे एकट्याचे काम नाही, हे त्यांनी ओळखले. संध्याकाळी परतल्यावर ऐकणारे कुणीतरी असते. आपला कार्यकर्ता मात्र पावतीपुस्तक आणि पैसे जमा करतो आणि अपमान एकटाच घरी घेऊन जातो.

बायकांच्या हातात वही, पुरुषांच्या हातात पद

ज्यांना हे कौशल्य आधीच येते त्यांच्याकडे आपले लक्षच नसते. बचत गट चालवणाऱ्या आपल्या बहिणी दर महिन्याला पैसे जमा करतात, वही लिहितात, थकलेल्या सभासदाच्या घरी जाऊन तिला न दुखावता विचारतात. नियमित रक्कम, लेखी नोंद, संयमाने केलेला पाठपुरावा, हे सगळे त्यांच्या अंगवळणी पडलेले आहे. विहाराच्या समितीत मात्र त्यांना सरबत वाटण्याचे आणि रांगोळीचे काम मिळते. एखादी महिला सदस्य असली तरी निधीची जबाबदारी क्वचितच तिच्याकडे असते. प्रशिक्षण सुरू करायचे तर पहिल्या दोन-तीन प्रशिक्षक बचत गटातून घ्याव्यात, असे आम्ही आग्रहाने सांगू.

कधी करावे आणि काय सांभाळावे

यासाठी वेगळी वेळ शोधायची गरज नाही. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावासात विहारांत ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन होते, माणसे जमतात. वाचन संपल्यावर आठवड्यातून एक दिवस पाऊण तास पुरतो. तीन महिन्यांत बारा बैठका सहज होतात. सुरुवातीला हिशेब वाचायला शिकवावे, मग सराव, मग जोडीने भेटी आणि भेटींनंतरची चर्चा. पाऊस असतो, लोक घरी सापडतात, ही आणखी एक सोय.

कायद्याची जुजबी माहिती प्रत्येक कार्यकर्त्याला हवी. संस्था महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदलेली आहे का, नोंदणी क्रमांक पावतीवर छापला आहे का, हे त्याने पाहावे. नोंदणी नसलेल्या उत्सव समितीने वर्गणी गोळा करण्याआधी धर्मादाय कार्यालयात चौकशी करावी. ‘८०जी’ म्हणून ओळखली जाणारी करसवलत प्रत्येक विहाराला नसते. ती धर्मादाय कामासाठी आहे, निव्वळ धार्मिक कामासाठी नाही, आणि दोन हजारांवरच्या रोख देणगीला ती मिळत नाही. नसलेली सवलत दारात कबूल करणाऱ्या कार्यकर्त्याने संस्थेचे नाव घालवले म्हणून समजा. परदेशातल्या नातेवाइकाने तिथले नागरिकत्व घेतले असेल तर त्याची देणगी विदेशी अंशदान कायद्यात येते. ती परवानगीशिवाय घेऊ नये. क्यूआर कोड संस्थेच्या खात्याचाच असावा, खजिनदाराच्या मोबाइलचा नको.

शेवटी वही. देणगीदारांची नोंदवही एकाच्या घरी नसावी, विहारात असावी आणि तिची एक प्रत दुसऱ्या पदाधिकाऱ्याकडे. तीत नाव, मोबाइल, रक्कम, तारीख, आणि एक रकाना ‘काय म्हणाले’ याचा. घरे बदलली, टॉवर झाले, माणसे कल्याण-विरारकडे गेली, तरी या रकान्यामुळे पुढचा कार्यकर्ता बोलायला सुरुवात करू शकतो. हे मोबाइल क्रमांक ग्रुपवर टाकायचे नाहीत. आणि आश्विन पौर्णिमेला, वर्षावास संपताना, विहाराच्या दर्शनी भागात जमाखर्चाचा फलक लावावा. त्यावर पहिली ओळ मागच्या वर्षीच्या शिलकीची असावी, आणि तो वाचून दाखवायला त्या वर्षी नव्याने शिकलेल्या मुलीला किंवा मुलाला उभे करावे.